फळवाटपाचा बोर्ड छापण्याआधी

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. वर्षश्राद्धाला, आई जिथं रुग्णांसाठी बिनपगारी राबायची त्या कॅन्सरच्या दवाखान्यात तिच्या नावानं फळं वाटायची, गेटवर बोर्ड लावायचा आणि पुढं तिच्या नावाची संस्था नोंदवायची, असं लिहिलंयस. माझं मत विचारलंस म्हणून सांगते. संस्थेची घाई करू नकोस, आणि फळं तर वाटूच नकोस.

तोंडाच्या कॅन्सरला शेक, म्हणजे रेडिएशन, चालू असतो तेव्हा माणसाचं तोंड आतून सोललेलं असतं. मोसंबीची फोड जिभेला लागली तरी तो कळवळतो. गुटख्यानं कित्येकांचा जबडा दोन बोटंसुद्धा उघडत नाही. गुटख्यावर आपल्या राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण पुडी कुठल्या टपरीवर मिळते ते गावातलं शेंबडं पोरही सांगेल. अशा माणसाच्या हातात सफरचंद देऊन लोक फोटो काढतात. तेवढा वेळ तुझी आई बाहेर जाऊन बसायची. मंडळी गेली की आत येऊन उशाची फळं गोळा करायची, सोबतच्या नातेवाइकांत वाटायची आणि रुग्णांसाठी ज्वारीच्या कण्यांची पेज आणायची, गार करून, बिनमिठाची. मीठ ज्याला सोसेल त्याला वरून.

तू तिला देवमाणूस म्हटलंयस. सगळेच म्हणतात. मला ते खटकतं. देवमाणूस म्हटलं की हात जोडायचे आणि मोकळं व्हायचं. तिच्याकडून शिकायला काही उरत नाही. ती हुशार होती, चिकट होती आणि भयंकर टिपणं काढायची. मी समाजसेवा अधीक्षक म्हणून पगार घेऊन जे काम केलं, ते तिनं बिनपगारी आणि माझ्यापेक्षा बारकाईनं केलं. तिच्या वह्या तुझ्याकडंच असतील. आधी त्या वाच.

वह्यांत रडकथा सापडणार नाहीत, कागदपत्रं सापडतील. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसायचं तर रेशन कार्ड, आधार, सगळं जुळावं लागतं. रेशन कार्डावर कौसाबाई, आधारवर कौशल्या आणि दवाखान्याच्या फायलीवर तिसरंच काहीतरी. ही भानगड निस्तरायला आरोग्यमित्राच्या, म्हणजे दवाखान्यात योजनेचं काम बघणाऱ्या माणसाच्या, टेबलापाशी कोण उभं राहणार? नवरा बिचारा पहिल्यांदाच जिल्ह्याच्या गावाला आलेला. मुंबईला टाटात पाठवलं तर रेल्वेची सवलत आहे, पण त्याचा ठराविक नमुन्यातला फॉर्म दवाखान्यातून सही-शिक्क्यासह घ्यावा लागतो, हे स्टेशनवर गेल्यावर कळून काय उपयोग? तिथं उतरल्यावर दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत कसं जायचं, हे ती रस्त्याची खूण काढून द्यायची.

सगळ्यात जास्त जीव तिनं शेकाच्या रुग्णांसाठी ओतला. मशीनखाली रोज थोडाच वेळ, पण सोमवार ते शुक्रवार, पाच-सहा आठवडे. हिंगोलीच्या खेड्यातल्या बाईनं संभाजीनगरला रोज ये-जा करायची कशी? आणि शेक मध्येच तुटला की आधी घेतलेल्याचंही पाणी होतं. बीडकडचे लोक दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. बायको दवाखान्यात राहिली की अर्धा कोयता, आणि उचल कशी फिटणार? म्हणून तुझी आई गणपतीतच प्रत्येकीला विचारून ठेवायची, "यंदा टोळीत जाणार का?" जाणार असेल तर घरातलं दुसरं कोण जाईल, मागं कोण थांबेल, हे बोलणं तेव्हाच सुरू व्हायचं. डॉक्टरांना हे सुचत नाही. त्यांच्या कागदावर नुसतं 'रुग्ण आला नाही' एवढंच येतं.

तिचं माहेर धाराशिवकडचं, हे तुला ठाऊक आहे. पण त्या जिल्ह्यानं जगाला काय दिलं ते कदाचित ठाऊक नसेल. १९९९ च्या सुमारास तिथल्या खेड्यांतून ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांवर बायकांचा एक मोठा अभ्यास सुरू झाला. बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय, मुंबईचं टाटा आणि जागतिक पातळीवरची कर्करोग संशोधन संस्था त्यात होत्या. २००९ मध्ये निष्कर्ष छापून आले. ज्या गावांत गर्भपिशवीच्या तोंडाची एचपीव्ही तपासणी, म्हणजे तिथला कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूची तपासणी, एकदाच केली, तिथं त्या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. आपल्या शेतमजूर बायकांच्या जिवावर जग शिकलं म्हण! लाजणाऱ्या बायकांना ती हेच सांगायची, "अगं, माझ्या माहेरच्या बायकांनी लाज सोडली म्हणून परदेशातल्या बायका वाचतायत. तुला काय झालं?" तिची ही बढाई मला फार आवडायची.

पण भीती घालून तिनं कधी कुणाला ऑपरेशनच्या टेबलावर पाठवलं नाही. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याची बातमी गाजली. कितीतरी जणींना 'कॅन्सर होईल' एवढंच सांगून घाबरवलेलं होतं. ती संतापली होती. तपासणी वेगळी, पिशवी काढणं वेगळं, हे वाक्य तिनं वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवलंय बघ.

बोलण्याचं म्हणशील तर तिला एकदा जालन्याकडच्या एका आजोबांपाशी बसलेलं मी पाहिलं. मुलगा दारातून तिला खुणावत होता, सांगू नका म्हणून. म्हातारा म्हणाला, "बाई, पोरं अल्सर म्हंतेत. तुम्ही सांगा, मला काय झालंय?" ती म्हणाली, "तुम्हाला काय वाटतंय, बाप्पा?" तो हसला. "मी चौथी शिकलोय. गेटवरला बोर्ड वाचता येतो मला." ती उठून बाहेर आली आणि मुलाला म्हणाली, "तुमच्या वडलांना बोर्ड वाचता येतो." पोरगा भिंतीला टेकून रडला. मग तिनं दोघांना चहाला पाठवलं, स्वतः गेली नाही. त्या बाप-लेकांनी चहा पिता पिता सोसायटीचं कर्ज, बहिणीचे राहिलेले पैसे, सगळा हिशेब मांडला म्हणे. रोगाचं नाव सांगण्याचा अधिकार आपला नाही, आणि खोटं बोलायचंही नाही. या दोन्हींच्या मधली वाट तिला सापडली होती. 'काळजी करू नका' हे शब्द मात्र तिच्या तोंडून मी कधी ऐकले नाहीत. 'जेवलात का' म्हणायची.

आता तुझं. लगेच वॉर्डात जाऊ नकोस. अजून वर्षही झालेलं नाही. तिथल्या प्रत्येक बाईत तुला आई दिसेल, आणि मग त्या बाईला तुला सांभाळावं लागेल. काही महिने खिडकीपाशी कागदांचं काम कर. नाही जमलं, नाही आवडलं, तर सोडून दे. आईचं काम वारसा हक्कानं येत नाही, आणि ते केलं नाही म्हणून तू कमी लेक ठरत नाहीस. कुणी टोमणा मारला तर माझ्याकडं पाठव.

फळांच्या पैशात थर्मामीटर घे. केमोनंतर आठवडा-दहा दिवसांनी पांढऱ्या पेशी उतरतात. तेव्हा ताप १०० च्या वर चढला तर गोळी घेऊन सकाळची वाट बघायची नसते, त्याच रात्री दवाखान्याला फोन करून निघायचं असतं. खेड्यात कित्येक घरांत ताप मोजायला काही नसतं, हात लावून 'कणकण आहे' म्हणतात. थर्मामीटर देताना बघायला शिकव, आणि सोबत दवाखान्याचा नंबर मोठ्या अक्षरांत लिहून दे. त्यावर आईचा फोटो छापू नकोस, तिला आवडलं नसतं.

तुझी,
आईची मैत्रीण

ता. क. तिचा मोबाईल अजून वाजतो, आणि तुला तो बंदही करवत नाही, असं लिहिलंयस. बंद करू नकोस. रिचार्ज चालू ठेव. उचललास की आधी तुझं नाव सांग, आई गेली हे एका वाक्यात सांग, आणि समोरची बाई रडायला लागली तर तिला रडू दे. मग विचार, काम काय होतं? कुणाला तारीख हवी असेल, कुणाला फॉर्म. उत्तर येत नसेल तर लिहून घे आणि संध्याकाळी मला विचार. सहानंतर मी घरीच असते.