आडनाव लिही

प्रिय पोरी,

काल लॉ कॉलेज रोडच्या टपरीवर तू म्हणालीस, "माझ्या दोघी अमक्या-तमक्या घरातल्या नाहीत, ताई. त्या आजच्या आहेत." तेव्हापासून मला चैन नाही. पटकथा रात्रीच वाचली. कोथरूडचा फ्लॅट, एकमेकींवर जीव जडलेल्या दोन मुली. त्या काय घालतात, काय ऐकतात, सगळं आहे. आडनावं तेवढी नाहीत. पुण्यात खोली शोधताना एजंट पहिल्यांदा काय विचारतो गं?

६ सप्टेंबर २०१८ला सर्वोच्च न्यायालयाने अशा प्रेमावरचा गुन्ह्याचा शिक्का पुसला. घरमालक अजूनही आडनाव विचारतो. तुझा सिनेमा या दोन्हींच्या मधे घडतो, आणि नेमकी तीच जागा तू कोरी सोडलीस.

'सैराट' आठव. २०१६ साली गाण्यांवर थिएटरात नाचलेली पोरं शेवटी मुकी का झाली? ती पाटील होती, तो काळे. नुसती आर्ची आणि परश्या असती तर गाणीच उरली असती. आणि तुमच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात, जिथे तुम्ही सिगारेटी फुंकता, तिथेच प्रभातने १९३७ साली 'कुंकू' केला. त्याला पार्श्वसंगीतसुद्धा नाही. म्हाताऱ्याशी फसवून लग्न लावलेल्या नीराचा नकार ऐकू येतो, कारण ती कुठल्या घरात अडकलीय ते आपल्याला दिसतं. आडनाव लिही.

"मला प्रेमावर लिहायचंय, जातीवर नाही" म्हणे! तुला कुणी निवड दिलीय?

माझ्या पटकथेतल्या नायकाचं आडनाव एका निर्मात्याने काढायला लावलं होतं. "सगळ्यांना आपला वाटला पाहिजे." मी खोडलं. दोन मिनिटांचं काम. तो कुणालाच आपला वाटला नाही. घराचे हप्ते होते, धाकट्याची फी होती, आणि तेव्हा सगळेच खोडायचे. सगळेच! ते आडनाव मी उगाच निवडलं नव्हतं. कधीकाळी ते माझं झालं असतं.

असो. तुझ्या नावाखाली मी त्या निर्मात्याशीच भांडतेय, कळतंय मला. तरीही आडनाव लिही.

संवाद छान जमलेत, ते बदलू नकोस. गच्चीवरचा पाऊस काढ, फार झाला.

सोमवारी संध्याकाळी ये, थालीपीठ लावते. येताना एजंटचा प्रसंग लिहून आण, तुझ्याशी घडला तसाच. त्याला खोटं आडनाव सांगितलं होतंस ना?

तुझी,
ताई (वयाने आजी)