कळलावीला दिवाळीनंतर पाणी नको

भाऊ, चिखलदऱ्याहून आणलेली कळलावी दिवाळीत वाळली, म्हणून तुम्ही उन्हाळाभर रोज तांब्याभर पाणी घातलं आणि जूनमध्ये उकरून पाहिलं तर कंदाचा नुसता लगदा. ती पाण्यानेच गेली. पावसाळा सरला की वेल वाळतोच, कंद मात्र खाली जिवंत असतो. तेव्हापासून मृगापर्यंत कुंडी वळचणीला कोरडी ठेवायची, बस.

दुसरी गोष्ट मातीची. डोंगरउतारावर पाणी थांबत नाही, आपल्या काळ्या मातीत ते मुरून बसतं. मी एक घमेलं माती, एक घमेलं बारीक मुरूम आणि अर्धं शेणखत घेतो. कंद आडवा, दोन-तीन इंच खोल.

कंद नांगरासारखा दुफाट असतो, संस्कृतात लांगली म्हणतात ते त्यामुळेच. डोळा फक्त दोन्ही फाट्यांच्या टोकाला. पहिल्या वर्षी माझ्या कुदळीने एक टोक मोडलं, तो फाटा कायमचा मुका झाला. दुसऱ्यावर निभावलं.

आधाराला तुराट्या रोवा. पानाचं टोकच तणाव्यासारखं वळतं आणि काडीला विळखा घालतं. जाड बांबू त्याला पकडता येत नाही. श्रावणात फूल खाली मान घालून उमलतं, पाकळ्या मात्र उलट्या वर वळतात. आधी हिरवट, मग पिवळ्या, शेवटी लालभडक. एकाच वेलावर तिन्ही रंग दिसतात.

बियांपासून करायची तर फुलाला तीन-चार वर्षं धरा. पुढच्या वेळी कंद औषधी वनस्पतींच्या रोपवाटिकेतून घ्या. चिखलदरा ज्या मेळघाटात येतो, तो १९७४ पासून व्याघ्र प्रकल्प आहे, तिथलं काही उपटून आणायचं नसतं. रागावू नका, मीही एकेकाळी तेच करत होतो.

घरात लावली की भांडणं होतात, असं आमची आजी म्हणायची. आमच्याकडे ती लावायच्या आधीही होतच होती! खरी भीती विषाची. कंदात आणि बियांत कोल्चिसीन असतं, थोडंसं पोटात गेलं तरी जिवावर बेततं. कोणी गावठी औषध म्हणून मागितलं तरी देऊ नका. रताळी-हळदीच्या वाफ्याजवळ तर मुळीच लावू नका, खणताना कंद मिसळतात. माझी कळलावी कुंपणाच्या कोपऱ्यात, वेगळ्या कुंडीत आहे. कुंडीला लाल रंग फासलाय आणि नातवंडांना तो रंग ओळखीचा आहे.