शाळेत झालेल्या त्रासाचा परिणाम मोठेपणीही राहतो का?

हो, राहतो. "पोरं चिडवतातच, मोठा झाला की विसरेल" असं आपल्याकडे सर्रास म्हणतात पण नेहमी तसं होत नाही. ब्रिटनमध्ये १९५८ साली एकाच आठवड्यात जन्मलेल्या हजारो मुलांचा आयुष्यभर पाठपुरावा केलाय, ती ७ आणि ११ वर्षांची असताना आईवडिलांना विचारलेलं की इतर मुलं याला त्रास देतात का, आणि २०१४ ला किंग्ज कॉलेज लंडनच्या टीमने बघितलं तर ज्यांना वारंवार त्रास झालेला त्यांच्यात पन्नाशीतही डिप्रेशन, अँग्झायटी जास्त. म्हणजे चाळीस वर्षांनी!

मला सातवीत जाडेपणावरून नाव पाडलेलं, आजही मागे कोणी हसलं की आधी तेच आठवतं, मीटिंगमध्ये बोलायची वेळ आली की घसा कोरडा पडतो. घरी सांगितलं तर "तू पण दे ना एक ठेवून" एवढंच ऐकलं, खरं तर ते जास्त लागलं.

मूल अचानक शाळा नको म्हणत असेल, रोज सकाळी पोट दुखत असेल तर ओरडू नका प्लीज, आधी पूर्ण ऐकून घ्या, मग वर्गशिक्षकांना भेटा. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ नंबरवर फुकट बोलता येतं, मराठीतही, आणि मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहेच.