कॉम्प्युटर सुरू होताना लोगोवरच अडकतो, दुकानदार फॉरमॅट मारायला सांगतोय. मारू का?

नाही. फॉरमॅट म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकणं, ते निदान मी खाली लिहिलंय ते बघून झाल्याशिवाय तरी नाही.

तुम्ही म्हणता, डेस्कटॉप चालू केला की कंपनीचा लोगो येतो आणि तिथंच थांबतो, चार-पाचदा बंद-चालू केलं की एखाद्या वेळी सुरळीत होतो, आणि पाऊस लागल्यापासून हे वाढलंय. एवढं वाचलं आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसले. विंडोज खराब झालं तर ते बहुधा रोजच अडतं. कधी चालतं, कधी नाही, आणि पावसात जास्त, असं असेल तर मी आधी कॅबिनेट उघडेन.

आमच्या घरी नेमकं हेच झालं होतं, २०१९ च्या जुलैत. म्हार्दोळजवळ आमचं घर आहे. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बराचसा जून-जुलैत. कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तिथं मशीनच्या पोटात काय होत असेल ते सांगायला नको.

त्या कॉम्प्युटरवर माझे बाबा काम करायचे. गावच्या जत्रेतल्या नाटकांना त्यांनी चाळीस वर्षं प्रॉम्प्टिंग केलं. प्रत्येक नटाची नक्कल हाताने उतरवून द्यायची, हे त्यांचंच काम. निवृत्त झाल्यावर शिवाजी फॉन्टमध्ये (इंग्रजी अक्षरांना मराठी रूप देणारा जुना फॉन्ट) दोन बोटांनी टाईप करायला शिकले आणि एकेक करून अकरा नाटकं त्यांनी उतरवली. त्यातली तीन गावातल्याच एका मास्तरांनी लिहिलेली, कधी छापली न गेलेली. त्यांच्या मूळ वह्या वाळवीने खाल्ल्या होत्या. दुसरी प्रत आम्ही ठेवली नव्हती, ही चूक आमची.

मशीन अडकायला लागलं तेव्हा माझे भावजी, थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणाले, "फॉरमॅट मारून टाक, नवं होईल." मी म्हटलं, अहो, विंडोजचं ठिपक्यांचं फिरणारं चक्रसुद्धा दिसत नाही, त्याच्या आधीच थांबतंय, मग विंडोज काढून काय होणार? तर म्हणे, "बाय, तू यात पडू नकोस." मशीन उचलून फोंड्याला एका दुकानात घेऊन गेले. दुकानदार म्हणाला, फक्त सी ड्राइव्ह उडवतो, डी तसाच राहील. सी आणि डी हे डिस्कचे दोन कप्पे. बाबांच्या सगळ्या फायली पडद्यावरच्या डेस्कटॉपवर होत्या आणि डेस्कटॉप सी मध्येच असतो. हे बाबांना कुणी विचारलं नाही, सांगितलंही नाही.

मशीन घरी आलं, दोन दिवस चाललं, तिसऱ्या दिवशी पुन्हा त्याच लोगोवर अडकलं.

मग मात्र मी कुणाला विचारलं नाही. वायर काढली, चालू करायचं बटण दहा सेकंद दाबून धरलं, कॅबिनेट उघडलं आणि रॅमच्या, म्हणजे कामापुरत्या मेमरीच्या, दोन्ही पट्ट्या बाहेर काढल्या. त्यांच्या खालच्या कडेला सोनेरी दात असतात. एका पट्टीचे चकचकीत होते. दुसरीचे मधले सात-आठ दात काळपट, जुन्या पितळेसारखे. शाळेतलं पांढरं खोडरबर घेऊन हलक्या हाताने दोन्ही बाजू पुसल्या. रबरावर काळी रेघ उमटली ती अजून डोळ्यांसमोर आहे. चुरा मऊ ब्रशने झाडला, दातांना बोट न लावता पट्टी टक् आवाज येईपर्यंत दाबून बसवली. पहिल्याच वेळी चालू झालं. २०२३ मध्ये नवीन घेईपर्यंत ते मशीन लोगोवर एकदाही थांबलं नाही.

भावजी आजही चवथीला सगळे जमले की सांगतात, फॉरमॅट मारला म्हणून तो चालला. तर इथं लिहूनच ठेवते. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनांत मी तेव्हाच नोंद केली होती: १९ जुलैला फॉरमॅट, २२ ला पुन्हा बंद, २३ ला रबर. ते पान मी जपून ठेवलंय. दुकानात चाललं कारण गाडीतल्या हादऱ्यांनी पट्टी जराशी सरकली असणार आणि तिथं एसीची कोरडी हवा होती, मला तरी असंच वाटतं. फॉरमॅटने झाली ती फक्त हानी.

फायलींचं पुढे असं झालं. फोटोरेक नावाचा फुकट प्रोग्राम आहे, पुसलेल्या फायली डिस्कवरून खणून काढतो, पण नावं परत मिळत नाहीत. एफ अक्षर आणि पुढे आकडे अशा हजारो फायली निघाल्या. त्यात बाबांच्या फायली उघडल्या तर सगळी इंग्रजी अक्षरांची खिचडी, कारण फॉरमॅटबरोबर शिवाजी फॉन्टही गेला होता. फॉन्ट परत टाकला तेव्हा पडद्यावर "अंक पहिला, प्रवेश दुसरा" उमटलं आणि बाबा खुर्चीतून उठून उभे राहिले. अकरापैकी आठ मिळाली. गेलेल्या तिनांवर नवीन विंडोज बसलं होतं, आणि त्यांत मास्तरांचं एक होतं.

आता तुमचं. लोगोखाली ठिपक्यांचं चक्र फिरायला लागतं का, ते नीट बघा. ते दिसायच्या आधीच अडकत असेल तर विंडोजपर्यंत गोष्ट पोचलेलीच नाही. अशा वेळी प्रिंटर, पेन ड्राइव्ह, कार्ड रीडर सगळं काढा, फक्त कीबोर्ड आणि मॉनिटर ठेवा. नाही झालं तर रॅमची एकेक पट्टी लावून बघा. मग हार्ड डिस्कची केबल काढून बघा, डिस्कशिवाय लोगो ओलांडून पुढे गेला तर दोष डिस्ककडे किंवा केबलकडे आहे. तारीख-वेळ सारखी चुकत असेल तर आतल्या मुख्य बोर्डावरचा सीआर २०३२ हा नाण्यासारखा सेल बदला, तो स्वस्तात मिळतो.

चक्र फिरून अडकत असेल तर गोष्ट वेगळी. विंडोज १० किंवा ११ असेल तर सुरू होताना बटण दाबून धरून लागोपाठ तीनदा बंद करा, पुढच्या वेळी दुरुस्तीचा पडदा आपोआप येतो. त्यातून सेफ मोडमध्ये, म्हणजे मोजक्याच गोष्टींसह चालणाऱ्या विंडोजमध्ये, जाता येतं, शेवटचं अपडेटही काढता येतं. तरीही अडलं तर उबंटूची (विंडोजऐवजी चालणारी फुकट प्रणाली) पेन ड्राइव्ह लावून त्यावरून मशीन सुरू करा आणि आधी फायली बाहेर काढा.

दोन गोष्टी राहिल्या. डिस्कमधून टक्-टक् आवाज येत असेल तर चेकडिस्क, म्हणजे विंडोजची डिस्क तपासणी, चालवू नका, मरायला टेकलेली डिस्क त्याने लवकर जाते, तिथं आधी डेटा. आणि बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर बायोसमधलं, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मूळ सेटिंगमधलं, काहीही बदलायच्या आधी ४८ आकडी रिकव्हरी की हाताशी ठेवा, उबंटूतून फायली वाचायलाही तीच लागेल. हमीत असलेलं मशीन स्वतः उघडू नका, हे मी सुरुवातीलाच लिहायला हवं होतं.

आज अडकला की ठिपके दिसले का, ते खाली लिहा. आणि दुकानदाराला विचारा, तुमच्या फायली सी मध्ये आहेत की डी मध्ये, ते त्याने बघितलंय का.