वडिलांना जुलैत दुर्बीण भेट द्यायची आहे, कोणती घेऊ?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडिलांची साठी 20 जुलैला, नक्षत्रं ते नुसत्या डोळ्यांनी बिनचूक ओळखतात, घर गोव्यात फोंड्याला, वर मोकळी गच्ची, बजेट 30 हजार. ऑनलाइन दिसलेली '675 पट'वाली दुर्बीण मागवू का?

ती मागवू नका. आणि खरं तर जुलैत कुठलीच मागवू नका.

आधी त्या 675चा हिशेब. नळीचं नाभीय अंतर (आरशापासून प्रतिमा जुळते तिथवरचं अंतर) 900 मिमी, सोबत 4 मिमीचा आयपीस (डोळा लावायचं भिंग), म्हणजे 900 भागिले 4, 225 पट. वर तीनपट बार्लो (पट वाढवणारं जोडभिंग) लावला की 675. पण आरसा 114 मिमीचा. व्यासाच्या मिलिमीटरची दुप्पट, म्हणजे साधारण 228, ही त्याची चांगल्यात चांगल्या हवेतली मर्यादा. त्यापुढे गुरू मोठा होतो तो फक्त धुरकट गोळा म्हणून.

त्या दुर्बिणीचं इक्वेटोरियल माउंट, म्हणजे ज्याचा अक्ष ध्रुवताऱ्याकडे रोखावा लागतो असा आधार, ही गोव्यात दुसरी डोकेदुखी. फोंड्यात ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम 15 अंश वर असतो. माउंटचा अक्ष तेवढा खाली वाकवला की स्वस्त माउंटांत नळीला तोलणारं खालचं वजन पुष्कळदा तिवईच्या पायाला आपटतं, आणि नळीला हात लावला की सगळं दोन-तीन सेकंद थरथरत राहतं. तारा आयपीसमध्ये आणता आणताच माणूस कंटाळतो.

मी सुचवेन ती 150 मिमी व्यासाची, 1200 मिमी नाभीय अंतराची डॉब्सोनियन. तिवई नाही, लाकडी पेटीसारखा फिरता पाया असतो. नळी हाताने ढकलायची, सोडली की तिथेच थांबते. नळी आणि पाया वेगळे होतात, एकेक भाग 10 किलोच्या आत, त्यामुळे साठीच्या माणसाला दोन फेऱ्यांत गच्चीवर नेता येतात. नेत्रावळीच्या जंगलातल्या काळोखात न्यायची झाली तर नळी गाडीच्या मागच्या सीटवर आडवी मावते. बहुधा 25 आणि 10 मिमीचे आयपीस सोबत येतात: 48 पट आणि 120 पट. शनीची कडी, गुरूचे पट्टे, मृगातला तेजोमेघ एवढ्यात छान दिसतात. बजेटात बसली नाही तर टेबलावर ठेवायची 130/650 (व्यास 130 मिमी, नाभीय अंतर 650 मिमी) टेबलटॉप डॉब्सोनियन घ्या. तिला मात्र न डगमगणारं टेबल लागेल.

आता जुलै का नको? ऑनलाइन मागवलेल्या वस्तूची परत करण्याची मुदत मोजक्या दिवसांची असते, आणि दुर्बिणीचा दोष ताऱ्यावर रोखल्याशिवाय कळत नाही. जुलैत तारा दिसणार कधी? मुदत संपते, दुर्बीण खोक्यातच राहते. पावसाळ्यातली आपल्या घरांची ओल तुम्ही जाणताच. बंद खोक्यात आयपीसच्या काचेवर बुरशीची कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी चढते, आणि ती काचेवरचा लेप खाते.

म्हणून वाढदिवसाला 10×50 (10 पट, 50 मिमी भिंगांची) बायनॉक्युलर द्या. बजेटचा थोडाच भाग जाईल आणि पावसाच्या उघडिपीत पक्षी बघायलाही चालेल. उरलेले पैसे बाजूला ठेवून दुर्बीण ऑक्टोबरात मागवा.

आल्यावर पहिल्याच निरभ्र संध्याकाळी ही चाचणी करा. नळी अर्धा तास बाहेर ठेवा, आतली हवा निवू द्या. अभिजित तारा 10 मिमीच्या आयपीसमध्ये मधोमध घ्या आणि फोकसर, म्हणजे आयपीस पुढेमागे सरकवणारा भाग, थोडा आत, मग थोडा बाहेर फिरवा. ताऱ्याची गोल चकती होईल, तिच्या मध्यावर काळा ठिपका. ठिपका एका बाजूला सरकलेला असेल तर आरसे हललेत. प्रवासात हे होतंच, कॉलिमेशनने (आरसे पुन्हा एका रेषेत आणून) सुटतं, त्यासाठी लागणारा शेशायर आयपीस तेवढा सोबत मागवा. चकती त्रिकोणी दिसली तर आरशाच्या क्लिपा जास्त आवळल्यात, किंचित सैल करा. पण चकती लांबोळकी असेल आणि फोकसच्या दुसऱ्या बाजूला तिची दिशा काटकोनात बदलत असेल, आणि कॉलिमेशन करून, क्लिपा सैल करूनही तसंच राहत असेल, तर दोष बहुधा आरशातच आहे. त्याच आठवड्यात परत पाठवा.

निगा तीनच गोष्टींची. दवाने भिजलेल्या आरशावर झाकण घालू नका. नळी आडवी ठेवून पंख्याखाली अर्धा तास सुकवा, मग झाका. आयपीस सिलिका जेलसह घट्ट डब्यात. पायाचं लाकूड बहुतेक पार्टिकल बोर्डचं असतं. उघड्या कडांना पहिल्याच महिन्यात वॉर्निशचे दोन हात द्या, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात फुगून पाया अडकत फिरेल.

सूर्य बघायची हौस असेल तर नळीच्या तोंडावर लावायचा फिल्टरच घ्यावा. आयपीसमध्ये स्क्रूने बसणारा काळा फिल्टर कुठल्या किटसोबत आला तर टाकून द्या. तो उन्हाच्या तापाने तडकतो, आणि डोळा क्षणात जातो.

वडिलांना नक्षत्रं पाठ आहेत म्हणून आणखी एक. मेच्या मध्यावर रात्री दहाच्या सुमारास ओमेगा सेंटॉरी तारकागुच्छ फोंड्यातून दक्षिणेला 27 अंशांवर येतो. दिल्लीहून तो 14 अंशांच्या आसपासच वर येतो, इथे तो आपल्याला सहज मिळतो. डॉब्सोनियन बुटकी असल्यामुळे ती कठड्यापासून दोन-अडीच मीटर मागे ठेवा, 25 मिमीचा आयपीस लावा, आणि दक्षिणेला माड आडवे येतात का ते आजच गच्चीवर जाऊन पाहा.