सोन्याची अक्षरे आणि पोलादाचे पाणी

प्रश्न : आमच्या घरातील जुन्या बाकदार तलवारीच्या पात्यावर सोन्याची फारसी अक्षरे आहेत, एका जाणकारांनी ती 'अमल-ए-असदुल्ला इस्फहानी' अशी वाचली. पोलादी मुठीवर सोनेरी वेलबुट्टी आणि लाल खडे आहेत. तलवार इराणी समजावी की हिंदुस्थानी? दर खंडेनवमीला आम्ही ती चिंच आणि राखेने घासून पुजतो. यंदा पॉलिश करून घ्यावी का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : पॉलिश कृपया करू नका, आणि चिंच-राखही आजपासून थांबवा. इराणी आणि दख्खनी कारागिरांची उत्तम पाती मुशीत तयार केलेल्या, सुमारे दीड टक्का कार्बन असलेल्या पोलादाची असत; हे पोलाद बेताच्या आचेवर ठोकताना त्यात कठीण कणांच्या रांगा तयार होत आणि पात्याला आम्लधर्मी क्षार लावला की त्या वाहत्या पाण्यासारख्या दिसू लागत. याला जौहर म्हणतात. फारसीतील 'आबदार' आणि आपला 'पाणीदार' हे शब्द अशाच पात्याला शोभतात. जौहर केवळ पृष्ठभागावर दिसत असल्याने घासण्याने तो पुसट होतो. आपल्या पात्यावर तो तिरप्या उजेडात अजून दिसत असेल, तर तो जपावा अशी माझी कळकळीची विनंती आहे.

पात्यावरील अक्षरांचा अर्थ 'इराणमधील इस्फहान शहराच्या असदुल्लाचे काम' असा आहे. पाती घडवणाऱ्या या कारागिराचे नाव इराणचा शाह अब्बास पहिला (१५८८–१६२९) याच्या काळाशी जोडले जाते. परंतु ते इतक्या पात्यांवर आणि इतक्या वेगवेगळ्या काळांत आढळते की, ती सर्व एका हाताची असणे अशक्य आहे. म्हणून अक्षरांपेक्षा घडणीकडे पाहावे. मुठीजवळ पात्याची धार दोन-तीन बोटे बोथट ठेवलेली असेल, तर ती बहुधा हिंदुस्थानी घडण होय. इराणी शमशेरीत धार सहसा मुठीपासूनच सुरू होते. आपली पोलादी मूठ मात्र, टोकाला वाटीसारखी तबकडी असल्यास, निश्चितच हिंदुस्थानी आहे. अशा मुठी राळेने बसवलेल्या असल्यामुळे एका पात्याला दुसरी मूठ बसवणे सोपे होते, आणि इराणी पाते हिंदुस्थानी मुठीत असणे नवलाचे नाही. शिवाय आजच्या तेलंगणातील कोनसमुद्रम येथील पोलाद इराणी व्यापारी नेत असत, त्यामुळे इस्फहानच्या पात्यातही दख्खनची माती असू शकते.

वेलबुट्टी भिंगाखाली पाहा. सोने झिजले आहे तिथे बारीक उभ्या-आडव्या रेघा दिसल्या, तर ती कोफ्तगिरी, म्हणजे खरवडलेल्या पोलादावर ठोकून बसवलेली सोन्याची तार होय. खडे कुंदनात बसवलेले असल्यास त्यांच्यामागे चकाकीसाठी पातळ वर्ख असतो. ओल आत गेली की तो काळवंडतो आणि खडा निस्तेज होतो.

पाते मऊ सुती कापडाने पुसून शिलाई यंत्राच्या तेलाचा अगदी पातळ हात द्यावा आणि ते कातडी म्यानात ठेवू नये, कारण कातडे ओल धरते. खंडेनवमीची पूजा अवश्य करा. हळदकुंकू मात्र पात्याला न लावता पाटावर मांडलेल्या तांदळांवर वाहा.