आधी सही कर, मग लोनचं बघतो

प्रश्न : वकीलताई, ऑगस्ट २०२३ मध्ये ठाण्याच्या कौटुंबिक न्यायालयात आमचा परस्परसंमतीने घटस्फोट झाला. ऐरोलीचा वन बीएचके मिस्टरांनी ठेवायचा आणि सहा महिन्यांत गृहकर्ज एकट्याच्या नावावर करून घ्यायचं, असं कन्सेंट टर्म्समध्ये (दोघांनी कोर्टात सही केलेल्या तडजोडीच्या अटींत) लिहिलंय. त्या बदल्यात मी पोटगी सोडली. दोन वर्षं होऊन गेली. विचारलं की म्हणतात, "हप्ते भरतोय ना मी?" मार्चमध्ये हप्ता बाउन्स झाल्याचा मेसेज माझ्या फोनवर आला. आता मला कळव्याला छोटं घर घ्यायचंय, तर बँक म्हणते, आधीचं कर्ज तुमच्या नावावर दिसतंय. आणि हे म्हणतात, आधी हक्कसोडवर (घरातला माझा हिस्सा सोडल्याच्या कागदावर) सही कर, मग लोनचं बघतो. करू का सही?

— एक वाचक, कळवा

उत्तर : नाही. आज तुमच्या हातात तेवढी एकच गोष्ट आहे. ती दिलीत की घर त्यांचं आणि कर्ज दोघांचं.

बँकेशी मात्र भांडू नका. ती तुमच्या घटस्फोटात पक्षकार नव्हती. तिच्याकडच्या करारावर दोन सह्या आहेत आणि पूर्ण रक्कम ती दोघांपैकी कुणाकडेही मागू शकते. सहकर्जदार म्हणून खात्याचा उतारा तेवढा मागून घ्या. मार्चचा हप्ता त्यात दिसेल. तो मेसेजही पुसू नका.

त्याच कोर्टात दरखास्त, म्हणजे हुकूम अमलात आणायचा अर्ज, दाखल करा. कौटुंबिक न्यायालय कायदा, १९८४ च्या कलम १८ प्रमाणे तुमच्या घटस्फोटाचा हुकूम दिवाणी डिक्रीसारखाच (दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच) अमलात आणता येतो. संधी असून मुद्दाम पाळला नाही असं दिसलं, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१, नियम ३२ खाली मालमत्तेची जप्ती किंवा दिवाणी कैद होऊ शकते. कैदेपर्यंत सहसा जात नाही. जप्तीचा कागद दारात आला की "बघतो" म्हणणारी माणसं दुसऱ्या दिवशी सॅलरी स्लिपा घेऊन बँकेत बसलेली मी पाहिली आहेत.

पण "पगार कमी म्हणून बँक एकट्याला कर्ज देत नाही" असं ते म्हणाले तर? तर बँकेचं नकाराचं पत्र मागा. तोंडी नकार मी तरी धरत नाही. आणि कन्सेंट टर्म्स पुन्हा वाचा : "न जमल्यास घर विकावे" असं वाक्य आहे का? असेल तर निम्मं काम झालं. नसेल तर दरखास्तीचं कोर्ट ते वाक्य नव्याने घालू शकत नाही. (हे वाक्य घाला म्हणून मी अशिलांच्या मागे लागते, आणि तेव्हा सगळ्यांना घरी जायची घाई असते.) तरीही जप्ती सहा महिने राहून हुकूम पाळला गेला नाही, तर कोर्ट जप्त मालमत्ता विकून तुम्हाला भरपाई देऊ शकतं.

मुदत सांभाळा. डिक्रीला साधारण १२ वर्षं मिळतात, पण "अमुक करच" अशा आज्ञेच्या हुकुमाला तीनच, ठरलेली तारीख उलटल्यापासून. तुमची तारीख फेब्रुवारी २०२४. वाद नको, फेब्रुवारी २०२७ च्या आत अर्ज टाकाच. अवमान याचिका कुणी सुचवली असेल, तर तिची मुदत एका वर्षाची. तो रस्ता जवळपास बंद झालाय.

सही कधी करायची? कर्जातून नाव काढल्याचं बँकेचं पत्र हातात पडल्यावर, थेट सब-रजिस्ट्रारकडे. ऐरोलीचं घर आहे, तेव्हा सिडकोची एनओसी लागते का, हे सोसायटीच्या सेक्रेटरींना आधीच विचारून ठेवा.

फीची चिंता असेल तर ठाण्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. बायकांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. जाताना डिक्रीची सर्टिफाइड नक्कल न्या. झेरॉक्सवर दरखास्त घेत नाहीत.